गाळणीतून निसटलेला

पाणी गाळून प्यावे हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. हंड्याच्या तोंडावर दुपदरी फडके धरणे हा घरोघरचा रिवाज. मी जन्मभर मराठी शिकवले, विज्ञान नव्हे. पण सध्या वेळच वेळ आहे म्हणून या गाळण्याचा इतिहास वाचू लागले, आणि एक गंमत कळली. विषाणूचा शोध लागला तोच मुळी गाळणी कमी पडली म्हणून!

१८८४ साली पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलाँ यांनी झिलई न दिलेल्या चिनी मातीची नळी तयार केली. तिच्यातून पाणी झिरपे, जीवाणू मात्र अडकत. आपल्या कँडलच्या फिल्टरची पणजीच म्हणा ना! १८९२ मध्ये रशियात इव्हानोव्स्की यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस या नळीतून गाळला. तो निरोगी झाडाला टोचला, तरी रोग झालाच. १८९८ साली हॉलंडच्या बायरिंक यांनी ठासून सांगितले, की हा जीवाणू नव्हे, काही वेगळेच आहे. त्यांनी त्याला 'व्हायरस' म्हटले.

तंबाखूच्या झाडाचे एक वेळ ठीक आहे हो. पण हा चोर माणसाच्या पाण्यात शिरला तर?

दिल्लीत तसेच घडले. १९५५ च्या पुरानंतर यमुनेने पात्र बदलले आणि नजफगढ नाल्याची घाण वझिराबादला, शहराचे पाणी उचलायच्या जागी, येऊन पोचली. जलशुद्धीकरण केंद्रातली माणसे झोपलेली नव्हती. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवला. त्यामुळे विषमज्वराची साथ आली नाही. पण डिसेंबर-जानेवारीत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. जीवाणू मेले, विषाणू निसटला. गर्भवती स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त होते.

हे वाचताना मी थबकले. माझी एक मावसबहीण १९७५ साली, सातव्या महिन्यात, काविळीने गेली. कुणी नजर लागली म्हणाले, कुणी तिच्या खाण्यापिण्याला बोल लावला. पाण्याचे नाव कुणीच घेतले नाही. तिची कावीळ हीच होती की नाही, आता कोण सांगणार?

दिल्लीच्या रुग्णांच्या रक्ताचे काही नमुने मात्र जपून ठेवलेले होते. १९८० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मिळून ते तपासले. ही 'ए' कावीळ नव्हे, 'बी'ही नव्हे, असे निघाले. आज आपण तिला 'हेपटायटिस ई' म्हणतो. पंचवीस वर्षे कुणीतरी त्या बाटल्या सांभाळल्या, म्हणून हे कळले.

मग या चोराला अडवणारी गाळणी? १९६० च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये सिडनी लोब आणि आपल्याकडून तिकडे गेलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी समुद्राचे पाणी गोडे करण्यासाठी एक खास पडदा बनवला. वर अगदी पातळ घट्ट साय, खाली सच्छिद्र आधार. याच युक्तीवर पुढे अल्ट्राफिल्ट्रेशनचे पडदे आणि शेवयांसारख्या पोकळ नळ्या निघाल्या. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर काविळीचा हा विषाणू सुमारे ३० भागांचा, आणि या पडद्याची छिद्रे १०-२० भागांची. विषाणू मोहरीएवढा धरला तर जीवाणू मोसंब्याएवढा होईल. मोसंबे अडवणाऱ्या जाळीतून मोहरी जाणारच ना!

पण पडदा बसवला की झाले, असेही नाही. हजारो नळ्यांतली एक तुटली तरी तेवढी वाट मोकळी. म्हणून हवेचा दाब देऊन त्या तपासाव्या लागतात. शिवाय गाळलेले पाणी गळक्या नळातून घरी येणार असेल, तर क्लोरीन हवाच. आणि शंका असली की आजीची रीत आहेच, पाणी खळखळून उकळावे. उकळण्याला छिद्रांचा हिशेब लागत नाही.

माझ्या मनात राहिले ते वेगळेच. दिल्लीचे पाणी दिसायला निर्मळ होते. पाणी स्वच्छ दिसते म्हणून दोष बाईच्या नशिबावर ढकलायचा, हे आपण किती वर्षे केले असेल? घरात कुणी गरोदर असेल, तर तिच्या पेल्यातले पाणी कुठून आले, एवढे तरी विचारा.