पंतप्रधान एकट्याने निर्णय घेऊ शकतात का?

२३ नोव्हेंबर २०१९ ची पहाट. ५ वाजून ४७ मिनिटांनी महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली आणि आठच्या सुमारास देवेंद्र फडणवीस यांचा शपथविधीही झाला. राजवट उठवण्याचा विषय एरवी केंद्रीय मंत्रिमंडळापुढे यावा लागतो. मग बैठक झाली कधी? झालीच नाही. केंद्र सरकारच्या १९६१ च्या कामकाज नियमांतला नियम १२ वापरला गेला. पंतप्रधानांना आवश्यक वाटलं तर ते नेहमीची पद्धत बाजूला ठेवू शकतात, असं हा नियम सांगतो. मंत्रिमंडळाची मंजुरी मागाहून घेतली जाते.

राज्यघटनेत मात्र पंतप्रधानांच्या अधिकारांची स्वतंत्र यादी नाही. कलम ७४ नुसार राष्ट्रपतींना सल्ला देणाऱ्या मंत्रिपरिषदेचे ते प्रमुख. कलम ७५ नुसार इतर मंत्री त्यांच्याच सल्ल्याने नेमले जातात. खरी ताकद इथे आहे. कुणाला मंत्री करायचं, कुणाला घरी पाठवायचं हे ज्याच्या हातात, त्याला बैठकीत विरोध कोण करणार? तरी मंत्र्यांच्या संख्येला २००४ पासून लगाम आहे. पंतप्रधानांसह लोकसभेच्या १५ टक्के, म्हणजे ५४३ जागांच्या सभागृहात जास्तीत जास्त ८१.

एका बाबतीत मात्र 'आधी निर्णय, मग मंजुरी' चालत नाही: आणीबाणी. २५ जून १९७५ च्या रात्री इंदिरा गांधींच्या सल्ल्यावरून राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाला ते कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी. हा अनुभव लक्षात ठेवून १९७८ मध्ये ४४ वी घटनादुरुस्ती झाली. आता केंद्रीय मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपती राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करू शकत नाहीत. मंत्रिमंडळ म्हणजे नेमकं कोण, हेही तेव्हाच कलम ३५२ मध्ये लिहिलं गेलं.

हे सगळे अधिकार टिकतात ते लोकसभेचा विश्वास असेपर्यंत. मंत्रिपरिषद लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते, त्यामुळे पंतप्रधान गेले की अख्खं सरकार जातं. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयींच्या विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने २६९ मतं पडली, विरोधात २७०.