प्रतिध्वनी कुणाचा?

लाउडस्पीकर नवा होता तेव्हा आपल्या उलेमांपुढे प्रश्न आला: कर्ण्यातून येतो तो इमामसाहेबांचाच आवाज, की त्याचा प्रतिध्वनी? आजची मुलं यावर हसतात. पण प्रश्न पोकळ नव्हता. हनफी फिकहनुसार सजद्याची आयत प्रतिध्वनीतून ऐकली तर सजदा वाजिब होत नाही. मग लाउडस्पीकरही प्रतिध्वनीच ठरला, तर त्याच्या आवाजावर रुकू-सजदा करणाऱ्याच्या नमाजेचं काय? मुफ्ती मुहम्मद शफी यांच्यासारख्यांनी यावर सविस्तर लिहिलं. पुढे बहुतेकांनी तो मूळ आवाजच मानला. काही मशिदींत मात्र आजही नमाजेत मुकब्बिरच मागच्या सफांना तकबीर पोहोचवतो.

गंमत म्हणजे खरा प्रतिध्वनी यंत्रात नव्हताच. तो घुमटात, दगडात होता.

लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलची हीच अडचण. रिकाम्या इमारतीत आवाज दहा सेकंदांहून जास्त घुमायचा. एक शब्द विरण्याआधी पुढचे वीस त्यावर येऊन पडत. आवाज वाढवला की घुमणंही तेवढंच वाढतं, हे आपल्या कमिट्यांना कोण सांगणार! 1950 च्या सुमारास पार्किन आणि टेलर यांनी तिथे उंच, उभे लाउडस्पीकर बसवले. एकाखाली एक युनिट असल्यामुळे आवाज वर-खाली फारसा पसरत नाही. तो घुमटात न जाता माणसांवर पडतो, आणि माणसांचे कपडे तो शोषून घेतात. दुसरी युक्ती वेळेची. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, तारेतून मात्र तत्काळ. म्हणून 34 मीटरवरच्या लाउडस्पीकरला त्यांनी सेकंदाचा दहावा हिस्सा थांबवलं, तेही फिरत्या चुंबकीय तबकडीवर आवाज नोंदवून! जर्मनीच्या हेल्मुट हास यांनी नुकतंच दाखवलं होतं, की जो आवाज आधी पोहोचतो, कान त्याच दिशेचा मानतो. वक्ता समोरूनच बोलतोय असं वाटे.

आमच्या मशिदीत फरशी नवी चकचकीत, भिंतींनाही टाइल्स, आणि चारही कोपऱ्यांत बॉक्स समोरासमोर. जुम्याचं बयान कळत नाही म्हणून मोठा अ‍ॅम्प्लिफायर आणला. कळेना ते कळेनाच. एका जुम्याला मी विनवणी करून मागचे दोन बॉक्स बंद करवले आणि आवाज निम्म्यावर आणला. नमाजेनंतर तिसऱ्या सफेतले एक बुजुर्ग म्हणाले, "मास्तर, आज मौलाना सावकाश बोलले का?"

मौलाना नेहमीसारखेच बोलले होते.