अरणचा मळा आणि माळढोकाचा माळ

बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी रूळ १९०६ सालीं कुर्डुवाडीहून पंढरपुरापर्यंत गेला. आतां तो रुंद झाला आहे. तथापि या वाटेवरील मोडनिंब स्टेशनाकडे पाहण्याची प्रवाशाची दृष्टि मात्र तीच. डोळे पंढरीकडे, आणि मधला प्रदेश म्हणजे पुण्यप्राप्तीपूर्वीं सोसावयाचें ऊन! परंतु या मधल्या प्रदेशासहि इतिहास आहे, व त्यासाठीं येथें मुद्दाम उतरावें असें आम्हांस वाटतें.

मोडनिंबाजवळच अरण. तेथें सांवता माळ्यानें शके १२१७ मध्यें, म्हणजे इ. स. १२९५ त, देह ठेविला. मळ्यांतल्या भाजींत देव पाहणारा हा पुरुष पंढरीस गेलाच नाहीं, अशी आख्यायिका आहे. म्हणून आषाढ वद्य पक्षांत पांडुरंगाचीच पालखी अरणास येते.

पण मळा हा या मुलखांत अपवाद, नियम माळाचा. मुरमाड जमीन, कुसळी गवत, तुरळक बोरी-बाभळी, मेंढरांमागें हिंडणारे धनगर व त्यांच्या मागावर लांडगा. याच गवतांत काळवीट, आणि याच गवतांत माळढोक. मीटरभर उंचीचा हा पक्षी. नर पंधरा किलोंपर्यंत भरतो, तरी उडतो. मादी वर्षाकांठीं बहुधा एकच अंडें घालते, तेंहि उघड्या जमिनीवर. शेजारच्या अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) भागांत मॅन्सफील्ड नामक एका इंग्रज शिकाऱ्यानें १८०९ ते १८२९ या काळांत ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. जेथें एका बंदुकीस इतके पक्षी मिळाले, त्या भूमीस ओसाड म्हणणाऱ्यांची आम्हांस कींव येते.

१९७२ च्या सुमारास सोलापूरचे निसर्गप्रेमी बी. एस. कुलकर्णी यांनीं नान्नजच्या माळावरील या पक्ष्याकडे लक्ष वेधलें, व १९७९ त अभयारण्य झालें. त्याचें क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर! माढा तालुक्यासह गांवें, शेतें, रस्ते सारींच त्यांत आलीं. जमिनीचा व्यवहार करतांना शेतकरी अडूं लागला, आणि पक्ष्याचें नांव काढतांच कपाळाला आठ्या घालूं लागला. पुढें हें क्षेत्र सुमारें १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणावें लागलें. इकडे १९८० त उजनीचें धरण पुरें झालें होतें. पाणी आलें, ऊस आला, विजेच्या तारा आल्या. समोरचें नीट न दिसणारा हा जड पक्षी तारांवर आदळून मरतो. पिढ्यान् पिढ्या दुष्काळ सोसलेल्या कुणब्यानें पाणी नाकारावें, असें घरांत नळ असलेल्या आम्हीं कोणत्या तोंडानें म्हणावें? दोष द्यावयाचा तर गवताळ माळास ‘पडीक’ या सदरांत ढकलणाऱ्या सरकारी बुद्धीस द्यावा. तिनें रिकामा दिसला माळ कीं तेथें झाडें लावण्याचाहि सपाटा चालविला. माळढोकास तर मोकळें गवतच हवें.

अलीकडच्या गणनांत नान्नजला एखादाच माळढोक दिसला, कधीं तोहि नाहीं. काळवीट मात्र अजून कळपांनीं चरतात. पाहावयाचे असल्यास पावसाळा सरतां सरतां, गवत तुऱ्यावर असतां, भल्या सकाळीं जावें.