सासूबाई म्हणतात, ‘सुनेनं पाटल्या चोरल्या’. स्मृतिभ्रंशात बदललेलं वागणं घरच्यांनी कसं सांभाळायचं?

ऐंशीच्या घरातली आजी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, “दोन दिस झाले, घरात कुणी भाकर दिली नाही.” खरं तर तासाभरापूर्वीच तिचं जेवण झालेलं असतं. ऐकणारा पुढच्या आळीत जाऊन तेच सांगतो आणि संध्याकाळपर्यंत सून गावभर बदनाम होते. घरात भांडण लागतं, मुलगा बायकोवर संशय घेतो, बायको सासूवर चिडते.

इथं आजी मुद्दाम खोटं बोलत नाही आणि सूनही उपाशी ठेवत नाही. आजीला जेवल्याचं आठवतच नाही. हा स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया असू शकतो. अशा माणसाचं वागणं का बदलतं आणि घरच्यांनी रोज काय करायचं, याची ही माहिती.

हा आजार नेमका काय?

चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वयानुसार होतंच. पण चष्मा कशासाठी असतो हेच न कळणं, रोजच्या वाटेवर चुकणं, पैशांचा हिशेब न जमणं, नातवाला ओळखता न येणं हा साधा विसरभोळेपणा नाही. मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होत गेल्यामुळे हे होतं. अल्झायमर हा त्यातला सर्वात जास्त आढळणारा प्रकार. अर्धांगवायूचे लहान-मोठे झटके येऊन गेल्यावरही स्मृतिभ्रंश होतो.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात ६० वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे शंभरात सात जणांहून जास्त. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरापेक्षा खेड्यात हे प्रमाण अधिक आढळलं. तरीही “म्हातारपणी असंच होतं” म्हणून बहुतेक घरांत डॉक्टरांना दाखवलंच जात नाही.

दाखवणं गरजेचं आहे, कारण बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड, नैराश्य, डोक्याला मार लागून आत साचलेलं रक्त यांमुळेही विसर पडतो आणि माणूस गोंधळतो. यातलं बरंचसं उपचारांनी सुधारतं. अल्झायमर पूर्ण बरा होत नाही, पण वागण्याचा त्रास बराच कमी करता येतो.

दोन-चार दिवसांत एकदम बिघडलं तर आधी तपासणी

स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढत जातो. कालपर्यंत ठीक असलेलं माणूस आज एकाएकी बरळायला लागलं, झोपूनच राहिलं किंवा अंगावर धावून आलं, तर बहुतेक वेळा दुसरं काहीतरी दुखणं असतं. त्याला ते सांगता येत नाही, म्हणून ते वागण्यातून बाहेर पडतं. हे बघा :

- लघवीला जळजळ, वारंवार लघवी किंवा ताप आहे का?
- पोट किती दिवस साफ झालेलं नाही?
- पाणी पुरेसं पोटात जातंय का? म्हातारपणी तहान कमी लागते, उन्हाळ्यात हा धोका मोठा.
- दाढ, गुडघा, कंबर दुखते का? कुठे पडले होते का?
- नवीन गोळी सुरू झाली का? सर्दी-खाजेच्या काही साध्या गोळ्यांनीही गोंधळ वाढतो.
- साखर कमी-जास्त झाली का?

अशा वेळी वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयात न्यावं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून सोबत न्याव्यात.

वाद घालून उपयोग नाही

“आत्ताच तर जेवलात!”, “किती वेळा तेच विचारता?”, “आठवा की जरा!” ही वाक्यं आपल्या तोंडी सहज येतात. पण ज्याची आठवणच पुसली गेली, त्याला ती आठव म्हणून कशी आठवणार? त्याला एवढंच कळतं की समोरचं माणूस आपल्यावर ओरडतंय. भांडण कशावरून झालं हे तो विसरतो, मनात बसलेली भीती मात्र राहते.

म्हणून समोर येऊन, नजरेला नजर देऊन, सावकाश बोला. एका वेळी एकच गोष्ट सांगा. त्यांचं म्हणणं खोडू नका, लक्ष दुसरीकडे वळवा.

रोजचे प्रसंग आणि काय करून बघावं

*चोरीचा संशय :* पाटल्या, पैसे, पेन्शनचं पासबुक स्वतःच कुठेतरी लपवायचं, विसरायचं आणि घरातल्यांवर आळ घ्यायचा, हे या आजारात फार दिसतं. जो जास्त जवळ असतो, त्याच्यावरच आळ येतो. म्हणून बहुतेक वेळा सूनच सापडते. “मी चोर आहे का?” असं म्हणून भांडू नका. “थांबा, आपण दोघी मिळून शोधू” म्हणा. त्यांच्या लपवायच्या जागा ठरलेल्या असतात : उशीचा अभ्रा, धान्याचा डबा, जुनी ट्रंक, देव्हाऱ्यामागे. त्या लक्षात ठेवा. खरे दागिने सुरक्षित ठेवून हाताशी साध्या बांगड्या आणि थोडी चिल्लर दिली, तर पुष्कळ वेळा मन शांत राहतं.

*“जेवायला दिलं नाही” :* थोडं थोडं, चार-पाच वेळा द्या. जेवल्यावर ताट लगेच उचलू नका. पुन्हा मागितलं तर “भाकरी टाकतेच आहे, तोवर हे खा” म्हणून मूठभर लाह्या किंवा केळ्याचा तुकडा द्या. साखरेचा आजार असेल तर काय द्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठेवा.

*“मला घरी जायचंय” :* चाळीस वर्षं राहिलेल्या घरात बसून आजी म्हणते, मला माझ्या घरी सोडा. तिच्या मनातलं घर कदाचित माहेर असतं, कदाचित फक्त आधार हवा असतो. “हेच तुमचं घर आहे” असं दहादा सांगून फरक पडत नाही. “जाऊ की, आधी चहा घेऊ. घरी कोण कोण असतं तुमच्या?” असं विचारा. माहेरच्या गोष्टी निघतात आणि जीव शांत होतो. त्यातूनही उठल्याच, तर सोबत अंगणात किंवा देवळापर्यंत एक चक्कर मारून परत आणा.

*आंघोळीला नकार :* गार पाण्याची भीती, कपडे काढायची लाज, पाय घसरायची धास्ती ही कारणं असतात. रोजची वेळ एकच ठेवा. पाणी आधी काढून ठेवा, बसायला घसरणार नाही असं स्टूल द्या, अंगावर टॉवेल राहू द्या. डोक्यावर एकदम तांब्या ओतू नका. पायापासून सुरुवात करा. सासऱ्यांना सुनेकडून आंघोळ नको वाटणं साहजिक आहे, तिथं मुलानं किंवा नातवानं पुढं व्हावं. एखाद्या दिवशी ओल्या फडक्यानं अंग पुसलं तरी चालतं.

*दिवेलागणीची चलबिचल :* दिवस कलला की अस्वस्थपणा वाढतो. येरझाऱ्या, रडणं, संशय हे सगळं संध्याकाळी जास्त दिसतं. सकाळी थोडं ऊन आणि चालणं होऊ द्या, दुपारची झोप कमी ठेवा, दुपारनंतर चहा टाळा. अंधार पडायच्या आत दिवे लावा. लाईट जाते तिथं चार्जिंगचा दिवा तयार ठेवा, कारण अचानक अंधार झाला की ही माणसं फार घाबरतात. रात्री मोरी-संडासच्या वाटेवर बारीक दिवा असू द्या.

*नसलेली माणसं दिसणं :* वारलेला भाऊ दारात उभा दिसतो, भिंतीवर किडे दिसतात. त्यांना ते खरंच दिसत असतं. त्रास होत नसेल तर सोडून द्या. भीती वाटत असेल तर हात धरा, “मी आहे ना इथं” म्हणा, उजेड वाढवा. आरशातलं स्वतःचंच रूप परकं माणूस वाटत असेल तर आरसा झाका. नजर आणि कान तपासून घ्या. मोतीबिंदूमुळेही भास वाढतात.

*शिवीगाळ, मारायला धावणं :* हात धरून ओढू नका. दोन पावलं मागे सरका, आवाज खाली आणा, टीव्ही बंद करा, पोरांची गर्दी हटवा. पाच-दहा मिनिटांनी दुसऱ्या माणसानं जाऊन बोलावं. नंतर एका वहीत लिहा : किती वाजता, कशावरून, त्याआधी काय घडलं. आठवडाभराच्या नोंदीत कारण बहुतेक सापडतं. डॉक्टरांनाही ती वही फार कामाची.

घराबाहेर निघून जाणं : हा सर्वात मोठा धोका

जुन्या सवयीनं आण्णा पहाटे मळ्याकडे निघतात आणि वाट चुकतात. आपल्याकडे उघड्या विहिरी, शेततळी, ओढे, रस्त्यावरची वाहनं आहेत. म्हणून आधीच तयारी हवी :

- सदऱ्याच्या किंवा पोलक्याच्या आतून नाव, गाव आणि घरच्या दोघांचे मोबाईल नंबर लिहिलेली कापडी पट्टी शिवा. खिशातली चिठ्ठी हरवते.
- दाराची एक कडी नजरेत न येणाऱ्या जागी बसवा, दाराला घुंगरू बांधा. मात्र माणसाला एकटं आत कोंडून बाहेर जाऊ नका. आग लागली तर सुटका नाही.
- शेजारी, किराणा दुकानदार, एसटी थांब्यावरचा टपरीवाला आणि पोलीस पाटील यांना आधीच सांगून ठेवा.
- अलीकडचा स्पष्ट फोटो मोबाईलमध्ये ठेवा.
- माणूस दिसेनासं झालं तर आधी विहिरी, पाणवठे आणि जुना मळा बघा आणि लगेच ११२ ला फोन करा. चोवीस तास थांबायचा नियम वगैरे काही नाही.

शेतकऱ्याच्या घरातली खास काळजी

कीटकनाशकाची बाटली पाण्याची समजून तोंडाला लावली जाऊ शकते. औषधं, खतं, रॉकेल, फिनाईल कुलपात ठेवा. विळा, कोयता, कुऱ्हाड, मोटारीचा स्टार्टर हाती लागणार नाही असं बघा. गॅसचा कॉक वापर नसताना बंद ठेवा, चुलीजवळ एकटं बसू देऊ नका. बीपी-शुगरच्या गोळ्या घेतल्याचं विसरून त्या पुन्हा घेतल्या जातात, म्हणून गोळ्यांची पुडी घरच्यांनीच सांभाळावी.

अंगठा आणि सही

स्मृतिभ्रंशाचं माणूस कुणी सांगेल तिथं सही करतं किंवा अंगठा देतं. सातबारा, बँकेचं पासबुक, आधार कार्ड जपून ठेवा. आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं. मग परस्पर अंगठा लावून खात्यातून पैसे काढता येत नाहीत. आजार सुरुवातीच्या टप्प्यात असताना, माणसाला समजतंय तोवरच, त्याच्या मर्जीनं व्यवहारांची व्यवस्था लावा. मोफत कायदेशीर सल्ला कुणाला मिळतो, याची चौकशी तालुका विधी सेवा समितीकडे करता येते.

या तीन गोष्टी करू नका

१. *बांधून ठेवू नका.* दोरीनं खाटेला बांधलं की माणूस आणखी बिथरतं, जखमा होतात, जीवही जाऊ शकतो.

२. *झोपेच्या गोळ्या मनानं आणू नका.* त्यानं तोल जाऊन पडण्याचा आणि गोंधळ वाढण्याचा धोका असतो. मन शांत करणाऱ्या काही तीव्र औषधांनी या रुग्णांमध्ये अर्धांगवायूचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. कधी ती लागतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, कमी डोसात आणि थोड्या दिवसांसाठी.

३. *बाहेरची बाधा समजून वेळ घालवू नका.* देवाला नवस बोलायला कुणाची ना नाही. पण मारहाण, धुरी, चटके असे अघोरी प्रकार केले तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे. उपचाराचे महिनेही वाया जातात, ते वेगळंच.

सांभाळणाऱ्या माणसाकडे कोण बघणार?

बहुतेक घरांत हे सगळं एकाच बाईवर पडतं. पुण्या-मुंबईचा भाऊ फोनवर सल्ला देतो, नणंद दोन दिवस येऊन “आईची आबाळ होतेय” म्हणून जाते. रात्र रात्र जागणाऱ्या सुनेला मात्र शेतातलं काम आणि पोरांचे डबे चुकत नाहीत. तिला कधी राग येतो, हात उगारावासा वाटतो, मग रडू येतं. ती वाईट आहे म्हणून असं होत नाही, ती दमली आहे म्हणून होतं. राग अनावर झाला तर रुग्ण सुरक्षित आहे एवढं पाहून पाच मिनिटं अंगणात जावं.

भावंडांनी एकत्र बसून वाटणी करावी : औषधांचा खर्च कुणाचा, दवाखान्यात कोण नेणार, महिन्यातले आठ दिवस कोण येऊन राहणार. लांब राहणाऱ्यानं रोज संध्याकाळी आईशी फोनवर बोललं, तरी सुनेला अर्धा तास मोकळा मिळतो. आणि मुलानं स्वतः आळीत सांगावं, “आईला आजार आहे, ती काय बोलते ते मनावर घेऊ नका.” हे एक वाक्य वेळेवर बोललं गेलं तर सून बदनाम होत नाही.

मदत कुठे मिळेल?

- *आशा ताई, उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र :* सुरुवात इथून करा.
- *जिल्हा रुग्णालय :* मानसोपचार विभागात तपासणी होते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी तिथंच करा.
- *टेलिमानस १४४१६ :* चोवीस तास, मोफत, मराठीतही. सांभाळणाऱ्यानंही स्वतःसाठी फोन करावा.
- *एल्डरलाईन १४५६७ :* ज्येष्ठ नागरिकांसाठी मोफत, सकाळी ८ ते रात्री ८.
- *१०८ :* रुग्णवाहिका. *११२ :* पोलीस.

ही माहिती सर्वसाधारण आहे. औषधोपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानंच करावेत. तुमच्या आळीत अशी एखादी आजी असेल आणि ती “भाकर दिली नाही” म्हणाली, तर ते पुढच्या घरी सांगायच्या आधी तिच्या सुनेला भेटा आणि विचारा, “थोडा वेळ मी बसू का यांच्यापाशी?”