आधी यंत्र, मागून शिक्षण

बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर अवघ्या आठ वर्षांत तीन राजवटी पाहिल्या. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजाम, त्यानंतर हैदराबाद राज्य आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून म्हैसूर, म्हणजे आजचे कर्नाटक. राज्य बदलले की कचेरीची भाषा बदलली, नोकरभरतीचे नियम बदलले, दाद मागायची राजधानी बदलली. या उलथापालथीत जमीन, शाळा आणि भाषा यांचा इतिहास थोडाफार लिहिला गेला. पण दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या, पुढे सीटीचे यंत्र चालवणाऱ्या आणि कर्करोगाच्या रुग्णाला किरणोपचार देणाऱ्या माणसाला कुणी, कुठे आणि कसे शिकवले, याकडे कुणाचे लक्ष गेले नाही. तो इतिहास तपासला की एक गोष्ट ठळकपणे दिसते. या तंत्रज्ञाचे शिक्षण जेव्हा सरकारने स्वतःची जबाबदारी मानले, किंवा स्थानिक संस्थेने अंगावर घेतले, तेव्हाच ते सीमाभागापर्यंत पोहोचले. एरवी ते प्रत्येक रुग्णालयाची अंतर्गत सोय म्हणून सोडून दिले गेले. असे सोडून देण्याची किंमत रुग्ण मोजतो आणि ती त्याला दिसतही नाही, हे या लेखाचे म्हणणे आहे.

हे शिक्षण लागते कशाला, याचे उत्तर या विद्येच्या जन्मातच आहे. विल्हेल्म राँटगेन यांना वुर्झबर्गमध्ये ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लागला. तीन वर्षांच्या आत, १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत, सर्जन-मेजर वॉल्टर बीव्हर यांनी वायव्य सरहद्दीवर जखमी सैनिकांच्या अंगातल्या गोळ्या शोधायला हे यंत्र वापरले. यंत्र इतक्या झपाट्याने पसरले, पण त्याचे धोके कळायला वेळ लागला. एडिसनच्या प्रयोगशाळेतला सहायक क्लॅरेन्स डॅली हाताला किरण घेत घेत १९०४ मध्ये दगावला. किरणांमुळे प्राण गमावलेल्या अशा कामकऱ्यांसाठी आणि डॉक्टरांसाठी हॅम्बुर्गमध्ये १९३६ साली स्मारक उभे राहिले तेव्हा त्यावर १६९ नावे होती. म्हणजे जगभर या पेशाचे रीतसर शिक्षण सुरू झाले ते हात भाजल्यावर. दक्षिण भारतात मद्रासच्या सरकारी जनरल हॉस्पिटलात कॅप्टन बर्नार्ड यांच्या नावाची क्ष-किरण संस्था १९३४ मध्ये उभी राहिली. पण मद्रास इलाखा वेगळा आणि निजामाचे राज्य वेगळे. बिदरच्या तरुणाच्या नजरेसमोर होते ते हैदराबाद.

हैदराबादेत वैद्यकीय शिक्षणाची परंपरा जुनी होती. तिथली वैद्यकीय शाळा १८४६ ची. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले, त्याच्या आदल्या वर्षी स्थापन झालेल्या भाषांतर विभागाने शास्त्रीय ग्रंथ उर्दूत आणले आणि वैद्यकही उर्दूतून शिकवले गेले. देशी भाषेतून आधुनिक विज्ञान शिकवण्याचा हा प्रयोग धाडसाचा होता आणि त्याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. पण त्या विद्येची सगळी घडी राजधानीत बसली. रुग्णालय तिथे, महाविद्यालय तिथे, पुस्तके तिथे. भालकी, औराद, आळंद या भागातल्या मराठी किंवा कन्नड घरातल्या मुलाला आधी उर्दू आणि मग विद्या, असा दुहेरी उंबरठा ओलांडावा लागे. १९४८ नंतर उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले. आधीच्या पिढीने उर्दूत जमवलेली शिदोरी पुढच्या पिढीच्या कामी येईनाशी झाली. मराठवाडा आणि हैदराबाद-कर्नाटक यांच्या मागासलेपणाची चर्चा आपण नेहमी सिंचन आणि रस्ते यांवरून करतो. पण एकाच पिढीत विद्येचे माध्यम पालटले की दवाखान्यातल्या कामगाराचे शिक्षण कसे तुटते, हेही त्या मागासलेपणाचे एक कारण आहे.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेने बिदर जिल्हाच चिरला. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यातल्या उस्मानाबाद जिल्ह्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण बिदरबरोबर राहिले. नातीगोती, बाजार आणि दवाखान्याच्या वाटा उदगीर-लातूर-सोलापूरकडे, तर सरकारी हुकूम बंगळूरहून. बिदरहून हैदराबाद दीडशे किलोमीटरच्या आत, बंगळूर त्याच्या चौपटीहून लांब. तरीही नव्या राज्यात एक चांगली गोष्ट घडली, तिची नोंद प्रामाणिकपणे करायला हवी. राष्ट्रीय क्षयरोग संस्था बंगळूरला १९५९ साली स्थापन झाली. १९६२ पासूनच्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात जिल्हा क्षयरोग केंद्राचा जो संच ठरला, त्यात डॉक्टर आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञांबरोबर एक्स-रे तंत्रज्ञ हा मुख्य घटक होता आणि या संचांना त्या संस्थेत प्रशिक्षण मिळे. एक्स-रे काढणाऱ्या माणसाला एका राष्ट्रीय रोगनियंत्रण कार्यक्रमाचा जबाबदार कर्मचारी मानून शिकवण्याची ही सुरुवात होती. पुढे १९९० च्या दशकातल्या सुधारित कार्यक्रमाने थुंकी तपासणीला अग्रक्रम दिला. क्षयरोगाच्या दृष्टीने त्याला शास्त्रीय आधार होता. पण एक्स-रे तंत्रज्ञाच्या शिक्षणामागचे सरकारी बळ त्यामुळे ओसरले आणि त्या जागी दुसरे काही उभे राहिले नाही.

दुसरा आधार स्थानिक संस्थेचा. महादेवप्पा रामपुरे यांच्या पुढाकाराने हैदराबाद-कर्नाटक शिक्षण संस्था १९५८ मध्ये निघाली आणि तिने १९६३ मध्ये गुलबर्ग्यात, म्हणजे आजच्या कलबुर्गीत, वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. त्याच वर्षी सोलापुरातही वैद्यकीय महाविद्यालय उघडले, हा योगायोग सीमाभागासाठी मोलाचा ठरला. वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे क्ष-किरण विभाग, त्या विभागात शिकवणारे प्राध्यापक आणि शिकणाऱ्याच्या हाताखालून जाणारे रोजचे रुग्ण. तंत्रज्ञाला घडवायला या तिन्ही गोष्टी एकत्र लागतात आणि जिल्हा रुग्णालयातल्या एकट्या यंत्राने ते काम होत नाही. पण बिदरला वैद्यकीय महाविद्यालय मिळायला २००७ साल उजाडले, आणि बिदर-कलबुर्गी हा थेट लोहमार्ग तर २०१७ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. दोन शेजारी जिल्हे, पण एकाची विद्या दुसऱ्यापर्यंत जायला अर्धे शतक लागले. नंजुंडप्पा समितीने २००२ मध्ये कर्नाटकातले ३९ तालुके अतिमागास ठरवले, त्यांतले २१ एकट्या गुलबर्गा विभागातले होते. या विलंबाचा अर्थ त्या आकड्याशेजारी ठेवूनच वाचायला हवा.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. जुन्या काळी कित्येक दवाखान्यांत कंपाउंडर, वॉर्डबॉय बघून बघून एक्स-रे काढायला शिकले आणि त्यांनी आयुष्यभर उत्तम काम केले, मग पदविकेचे एवढे स्तोम कशाला? त्या माणसांच्या कष्टांचा आदर राखूनच याचे उत्तर डार्करूममध्ये शोधावे लागते. फिल्म लाल दिव्याखाली कॅसेटमधून काढायची, हँगरला लावायची, डेव्हलपरमध्ये बुडवायची, पाण्यातून काढून फिक्सरमध्ये टाकायची, धुवायची आणि वाळवायची. डेव्हलपर साधारण २० अंशांवर असेल तर जवळपास पाच मिनिटे लागतात, तापमान वाढले तर वेळ कमी करावा लागतो. कलबुर्गीचा उन्हाळा चाळिशीच्या पार जातो. तिथे द्रावणाचे तापमान पाहून वेळ ठरवणे ही शिकवावी लागणारी गोष्ट आहे. न शिकलेला हात नजरेने काम करी. फिल्म काळी पडू लागली की ती लवकर उचलायची. फोटो बरा दिसे, डॉक्टरही समाधानी. पण फिल्म लवकर काळी पडते याचा अर्थ बहुधा किरण गरजेपेक्षा जास्त दिले गेलेले असतात. म्हणजे चूक रुग्णाच्या अंगात जाई आणि तिचा पुरावा हँगरवरून पुसला जाई. अनुभवाने हात सराईत होतो. पण जी चूक परिणामात दिसतच नाही, ती अनुभवाने सुधारत नाही. ती ओळखायला भौतिकशास्त्राचे शिक्षण लागते.

दुसरा आक्षेप आजचा आहे. डार्करूम गेली, डिजिटल यंत्रे आली, एक बटण दाबले की पडद्यावर चित्र, आता शिकायचे काय उरले? वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. जुनी फिल्म किरण फार झाले तर निदान काळी पडून बोंब मारत असे. डिजिटल यंत्र जास्त किरणांतही स्वच्छ चित्र देते, उलट चित्र अधिक गुळगुळीत दिसते. म्हणून मात्रा नकळत हळूहळू वाढत राहते, हे जगभरच्या क्ष-किरण विभागांनी अनुभवले आहे. दोन्ही काळांत चूक एकाच दिशेने लपते. छातीच्या साध्या एक्स-रेची मात्रा सुमारे ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी, तर छातीच्या सीटीची सात मिलिसिव्हर्टच्या आसपास असते. यंत्र जितके बलवान, तितकी न शिकलेल्या हाताची चूक महाग. किरणोपचारात तर काटा आणखी बारीक आहे. कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल ५.२७ वर्षांचा असल्यामुळे त्याचे बळ दरमहा सुमारे एक टक्क्याने घटते आणि त्या हिशेबाने उपचाराचा वेळ वाढवावा लागतो. बंगळूरच्या किदवाई संस्थेचे कर्करोग केंद्र कलबुर्गीत आहे, बार्शी आणि हैदराबादच्या वाऱ्या सीमाभागातले रुग्ण अजूनही करतात. या सगळ्या ठिकाणी रोज रुग्णाला मिलिमीटरच्या हिशेबाने टेबलावर झोपवणारा माणूस तंत्रज्ञच असतो.

तिसरा आक्षेप असा, की सीमाभागातली हुशार मुले हैदराबाद, सोलापूर, बंगळूरला जाऊन शिकतातच, मग इथेच शिक्षण उभारायचा हट्ट कशासाठी? याला दोन उत्तरे आहेत. पहिले घटनात्मक आहे. ९८ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या ३७१ (जे) या अनुच्छेदाखाली हैदराबाद-कर्नाटकातल्या शिक्षणसंस्थांत ७० टक्के जागा आणि क गटाच्या सरकारी पदांत ८० टक्के पदे स्थानिकांसाठी राखून ठेवली गेली. पण ज्या अभ्यासक्रमाला पुरेशा जागा, शिक्षक आणि रुग्णसंख्या नाही, त्यातले आरक्षण कागदावरच राहते. स्थानिकांना पदे द्यायची तर स्थानिकांना शिकवावेही लागेल. दुसरे उत्तर रुग्णाच्या बाजूचे आहे. छातीचा एक्स-रे काढताना रुग्णाने छाती पुढे टेकवायची, खांदे पुढे वळवायचे, पूर्ण श्वास घ्यायचा आणि रोखून धरायचा असतो. सूचना समजली नाही आणि श्वास अर्धाच घेतला, तर फुफ्फुसांचा खालचा भाग दाट दिसतो, हृदय मोठे वाटते आणि नसलेल्या रोगाची शंका येते. मग पुन्हा एक्स-रे, म्हणजे पुन्हा किरण. औरादच्या म्हाताऱ्या मराठी शेतकऱ्याला, हुमनाबादच्या कन्नड बाईला आणि बिदर शहरातल्या उर्दू बोलणाऱ्या कारागिराला एकाच सकाळी नीट श्वास रोखायला लावणारा तंत्रज्ञ या मातीतलाच लागतो. अभ्यासक्रम इंग्रजीत असायला हरकत नाही, कारण यंत्राची आणि ग्रंथांची भाषा तीच आहे. पण रुग्णाशी बोलण्याचा सराव या तिन्ही भाषांतून करून घेणे हा त्या अभ्यासक्रमाचाच भाग हवा.

शेवटची शंका जाणत्या लोकांची आहे, की अभ्यासक्रम वाढवले तर रुग्णालय नसलेल्या खोल्यांत पदविका वाटणाऱ्या संस्था फोफावतील. ही भीती रास्त आहे. तिच्यावरचा इलाज २०२१ च्या संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिक कायद्यात मिळतो. त्याने क्ष-किरण, प्रतिमा आणि किरणोपचार तंत्रज्ञ हा स्वतंत्र व्यवसाय मानला, पदविकेसारख्या शिक्षणाला किमान २००० तास आणि व्यावसायिक पदवीला किमान ३६०० तास ठरवले. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून किरणसुरक्षेवर देखरेख ठेवते. नियम आहेत, उणीव ते सीमाभागात जगवण्याची आहे. म्हणून मागणी अशी असावी, की बिदर आणि कलबुर्गीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत ही पदविका आणि पदवी पूर्ण तासांनिशी चालावी. प्रत्येक तालुका रुग्णालय प्रशिक्षणाचे केंद्र व्हावे. बघून शिकलेल्या जुन्या कर्मचाऱ्यांना नोकरीत ठेवून, पगारासह शिकायची संधी मिळावी. आणि नवे सीटी किंवा किरणोपचार यंत्र मंजूर करताना ते चालवणारी माणसे कुठे शिकणार, याचे उत्तर त्याच कागदावर लिहिले जावे. यंत्र विकत घेता येते, ते चालवणारा माणूस घडवावा लागतो. बिदर-कलबुर्गीने यंत्र येऊन शिक्षणाची वाट पाहण्याचा अनुभव पुरेसा घेतला आहे. पुढचा निर्णय घेताना हा क्रम उलटा करणे राज्याच्या हातात आहे आणि ते करण्यासाठी लागणारा कायदा आता हाताशी आहे.