बर्लिनची निळाई आणि मैनेचे यकृत

इ. स. १७०६ च्या सुमारास बर्लिनमध्ये दीसबाख नावाचा एक कारागीर लाल रंग तयार करीत होता. हाती आलेला पोटॅश दूषित निघाला आणि भांड्यात लालऐवजी गर्द निळा रंग उतरला. हाच पुढे युरोपभर गाजलेला ‘प्रशियन ब्लू’. चित्रकारांच्या या निळाईनेच पिंजऱ्यातील पक्ष्यांच्या एका घातक विकाराचा माग दाखविला.

या रंगाच्या घडणीत लोह असते. १८६७ साली जर्मन विकृतिशास्त्रज्ञ मॅक्स पर्ल्स यांनी तीच रासायनिक क्रिया मृत शरीरातील ऊतकांवर करून पाहिली. अवयवाच्या पातळ कापावर आम्ल आणि पोटॅशियम फेरोसायनाइड घातले, की जेथे लोह साठले असेल तेथे निळे ठिपके उमटतात. १८८९ साली फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी माणसांतील लोहसंचयाच्या विकाराला ‘हिमोक्रोमॅटोसिस’ हे नाव दिले. १९३५ साली इंग्लंडच्या जोसेफ शेल्डन यांनी तो आनुवंशिक असल्याचे मांडले.

विसाव्या शतकात प्राणिसंग्रहालयांतील मृत पक्ष्यांच्या यकृतांवर हीच कसोटी लावली गेली, तेव्हा टूकन, स्वर्गीय पक्षी आणि बोलकी पहाडी मैना यांची यकृते निळ्या ठिपक्यांनी भरलेली आढळली. (ही मैना म्हणजे आपल्या अंगणातील साळुंकी नव्हे.) आजारी मैनेला धाप लागते, पोटात पाणी साठते; टूकन तर पुष्कळदा काहीही लक्षण न दाखविता अचानक मरतो.

दोष एकट्या पक्ष्याचा नाही, एकट्या खाद्याचाही नाही. अरण्यातील फळांत लोह थोडे असते आणि टॅनिनसारखी द्रव्ये त्यातलेही बरेचसे बांधून ठेवतात. अशा आहारावर पोसलेल्या या पक्ष्यांचे आतडे मिळेल तितके लोह ओढून घेते. ते थोपविण्याची सवय त्याला लागलेलीच नाही. पिंजऱ्यात मात्र त्यांच्यापुढे कुत्र्यांचे लोहयुक्त खाद्य आले आणि जोडीला संत्री आली. संत्र्यातील क जीवनसत्त्व लोहाचे शोषण आणखी वाढविते. मायेने वाढलेले ताटच घातक ठरले, असे म्हणावे लागते.

रानातील पक्ष्यांच्या यकृतातही निळे ठिपके दिसतात. उपासमारीत शरीर स्वतःलाच पचवू लागते आणि मोकळे झालेले लोह यकृतात साठते. पण त्याने यकृत सहसा नासत नाही.

बाली मैनेच्या बाबतीत हा प्रश्न केवळ पाळीव पक्ष्यांपुरता उरत नाही. एर्विन श्ट्रेझेमान यांनी १९१२ साली वर्णिलेला हा शुभ्र पक्षी त्याच्या सौंदर्यापायी इतका पकडला गेला, की २००१ च्या सुमारास जंगलात तो हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच उरला. जंगलात पुन्हा सोडण्याचे बियाणे आता पिंजऱ्यातच आहे, आणि लोहसंचयाचा विकार या जातीलाही ग्रासतो.

उपचारांत लोह बांधणारी औषधे आहेत; त्याबरोबरच थोडे थोडे रक्त काढण्याचाही उपाय आहे. शतकानुशतके वाटेल त्या रोगावर वापरून बदनाम झालेले रक्तमोक्षण येथे खरोखरच उपयोगी पडते, कारण रक्ताबरोबर लोहही बाहेर जाते. बाली मैनेच्याच कुळातील युरोपीय स्टार्लिंगच्या खाद्यात काळ्या चहाची पत्ती मिसळून पाहिली, तेव्हा चहातील टॅनिनमुळे यकृतात लोह साठण्याला आळा बसला.