माळवद, किल्लारी आणि खेड्यातल्या महाविद्यालयाची इमारत

१/ बोरी, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी. मे महिन्यात येथे पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा गावात महाविद्यालयाचे वर्ग कसे बांधावेत? या प्रश्नाचे अर्धे उत्तर मराठवाड्याच्या जुन्या घरांत आहे आणि अर्धे १९९३ च्या ढिगाऱ्यात.

२/ मराठवाड्याचे जुने घर म्हणजे माळवद. दगडमातीच्या रुंद भिंती, आत लाकडी खांब-तुळयांचे खण, वर पांढऱ्या मातीचे जाड, सपाट छत. बाहेरचे ऊन आत झिरपेपर्यंत दिवस कलतो. सामग्रीही बहुतांशी शिवारातलीच.

३/ छत गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती पसरली जाई. पिढ्यान्‌पिढ्या थर चढत गेले. डोक्यावरचे ओझेही वाढत गेले.

४/ ३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली होती. पहाटे ३.५६ च्या सुमारास किल्लारी परिसर हादरला. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सात हजारांहून अधिक माणसे दगावली, बहुतेक स्वतःच्याच घराखाली.

५/ नंतरच्या पाहणीत एक गोष्ट ठळकपणे दिसली. भिंती कोसळल्या, तरी अनेक ठिकाणी लाकडी खण उभे होते. भिंतीचे आतले व बाहेरचे असे दोन थर असत. त्यांना सांधणारे आरपार दगड मात्र नसत. धक्क्यासरशी थर विलग झाले. उणीव सांध्यात होती.

६/ लोकमानसात भीती बसली ती दगडमातीची. सुरक्षितता म्हणजे सिमेंटचा स्लॅब, हे समीकरण रूढ झाले. पण उघड्या उन्हातला स्लॅब दिवसभर तापतो आणि त्याखालचा वर्ग दुपारी बसवत नाही.

७/ वस्तुतः भारतीय मानक ब्युरोने १९९३ सालीच दगडमातीच्या बांधकामासाठी मार्गदर्शक मानके प्रसिद्ध केली : भिंतीत आरपार दगड, कोपऱ्यांची पक्की गुंफण, दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून सर्व भिंतींना कवेत घेणारा सलग पट्टा, हलके छत.

८/ बोरीसारख्या गावासाठी यातून आराखडा निघतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून पाया मुरमापर्यंत न्यावा. लांब भिंती उत्तर-दक्षिणेस, दक्षिणेला ओसरी, दगडी भिंतींत वरील पट्टे, छत हलके पण उष्णतारोधक.

९/ २०२४ साली शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात भूकंपाचे धक्के बसले. ते परभणीतही जाणवले. पूर्वजांची सावली आणि किल्लारीचा धडा, दोन्ही ज्या भिंतीत एकत्र येतील, तीच भिंत विद्यार्थ्यांसाठी टिकाऊ म्हणावी. (समाप्त)